स्मार्ट कार्डमध्ये प्रोग्रॅम आणि डेटाच्या फाईल कशा राहतात, कशा टाकायच्या आणि कशा जपायच्या

प्रोग्रॅम करता येणारं स्मार्ट कार्ड हातात आलं की बहुतेकांचं असंच होतं बघा, ॲप्लेट (कार्डात चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिलं, कंपाइल केलं, कार्डात टाकलं, रीडरवर ९००० म्हणजे "सगळं ठीक" असं उत्तर आलं, मग त्यात खरा डेटाही भरला आणि सगळं छान चाललं, आणि मग एक दिवस कोडमधली एक ओळ बदलायची वेळ येते. जुना प्रोग्रॅम काढून नवा टाकतात, प्रोग्रॅम नवा येतो आणि डेटा सगळा साफ. कार्डाने काहीच चुकीचं केलेलं नसतं, त्याचं कामच तसं आहे. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी कागदावर ठरवा की प्रोग्रॅम कुठं राहणार, डेटा कुठं राहणार, आणि त्यातलं एक काढलं तर दुसरं राहणार की जाणार. खाली जे काय लिहिलंय ते सगळं याच्यासाठीच आहे.

(हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले, आकडे मी देवनागरीतच लिहितोय, म्हणजे ए ते एफ अक्षरं मराठीत, तेवढं सांभाळून घ्या.)

आधी चिपच्या आत काय असतं ते

कार्डावरच्या त्या सोनेरी चौकोनाखाली एक पूर्ण छोटा कॉम्प्युटर असतो. प्रोसेसर असतो आणि मेमरी तीन तऱ्हेची असते. रॉममध्ये कार्डाची ऑपरेटिंग सिस्टिम, ती कारखान्यातच बसवलेली, तिला आपण हात लावू शकत नाही (नवीन चिपमध्ये रॉमऐवजी फ्लॅशच असते, पण आपल्यासाठी फरक नाही). मग ईईप्रॉम किंवा फ्लॅश, इथे आपला प्रोग्रॅम आणि आपला डेटा दोन्ही राहतात, वीज गेली तरी टिकतात. आणि रॅम, ती अगदी थोडी, काही किलोबाइट, जुन्या कार्डांत तर त्याहूनही कमी.

कार्डाला स्वतःची वीज नाही, घड्याळाचे ठोकेसुद्धा रीडरच देतो. कार्ड बाहेर ओढलं की त्या क्षणी सगळं थांबतं, "जरा थांब, एवढं सेव्ह करून घेतो" असं म्हणायची सोय कार्डाला नाही. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा, पुढे अर्ध्या गोष्टी यावरूनच येतात.

अजून एक, पेन ड्राइव्ह आणि कार्ड यात मूळ फरक असा की कार्डातली मेमरी बाहेरच्याला कधीच सरळ दिसत नाही. प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन कमांड पाठवून होतं, त्या कमांडला एपीडीयू म्हणतात, आणि द्यायचं की नाही हे आतला प्रोग्रॅम ठरवतो. म्हणजे डेटा फाईलचा पहारेकरी प्रोग्रॅमच आहे, त्यामुळे प्रोग्रॅम नीट नसेल तर डेटाही सुरक्षित नाही.

सगळ्यात कच्ची जात, नुसता मायक्रोकंट्रोलर असलेलं कार्ड

शिकायला मला ही जात आवडते, कारण इथे काहीच झाकलेलं नसतं. गोल्ड कार्ड म्हणून जे ओळखलं जातं त्यात पीआयसी १६एफ८४ हा मायक्रोकंट्रोलर आणि शेजारी २४एलसी१६ ही वेगळी ईईप्रॉम चिप असते. फन कार्डात एटी९०एस८५१५ आणि बरोबर बहुधा ६४ किलोबिटची, म्हणजे ८ किलोबाइटची ईईप्रॉम.

आता मोजा, गोल्ड कार्डाच्या पीआयसीमध्ये प्रोग्रॅमला १०२४ शब्द (प्रत्येक शब्द १४ बिटांचा), आतल्या आत डेटा ईईप्रॉम ६४ बाइट, रॅम ६८ बाइट, आणि बाहेरच्या ईईप्रॉममध्ये २ किलोबाइट. म्हणजे एका कार्डाला फाईली दोन लागतात, एक पीआयसीची आणि एक ईईप्रॉमची. फन कार्डाला तर तीन लागू शकतात, फ्लॅशची, आतल्या ईईप्रॉमची आणि बाहेरच्या ईईप्रॉमची. लोक यातच अडकतात, कारण सगळ्या फाईलींचं एक्स्टेन्शन हेक्सच असतं आणि चुकीची फाईल चुकीच्या जागी गेली तर कार्ड गप्प बसतं, एटीआरसुद्धा (रीसेटनंतर कार्ड देतं ते पहिलं उत्तर) देत नाही.

हेक्स फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघायची सवय लावा. इंटेल हेक्स फॉरमॅटची प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते, मग किती बाइट आहेत तो आकडा, मग दोन बाइटचा पत्ता, मग ओळीचा प्रकार (०० म्हणजे डेटा, ०१ म्हणजे फाईल संपली), मग खरे बाइट आणि शेवटी चेकसम. चेकसमसकट ओळीतल्या सगळ्या बाइटची बेरीज केली की शेवटचा बाइट शून्य यायला हवा. पीआयसीच्या फाईलमध्ये कॉन्फिगरेशनचा शब्द २००७ या पत्त्यावर आणि आतल्या ईईप्रॉमचा डेटा २१०० पासून असतो, पण फाईलमध्ये पत्ते बाइटमध्ये लिहितात म्हणून तेच तुम्हाला ४००ई आणि ४२०० असे दिसतील. ४२०० च्या ओळी फाईलमध्ये दिसल्या तर समजायचं की या प्रोग्रॅमबरोबर सुरवातीचा डेटाही आलाय.

गोल्ड कार्डात बाहेरची ईईप्रॉम कार्डाच्या कॉन्टॅक्टला सरळ जोडलेली नसते, ती पीआयसीच्या मागे असते. म्हणून आधी पीआयसीमध्ये लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकायचा, तो लोडर रीडरकडून आलेले बाइट ईईप्रॉममध्ये लिहितो, ते झालं की लोडर पुसून खरा प्रोग्रॅम टाकायचा. क्रम उलटा करू नका. आणि इथेच पहिला चांगला धडा मिळतो, प्रोग्रॅम तीन वेळा बदलला तरी बाहेरच्या ईईप्रॉममधला डेटा जागेवरच राहतो, कारण ती वेगळी चिपच आहे. मोठ्या कार्डांत ही सोय आपोआप मिळत नाही.

बाकी या कार्डांत सुरक्षितता जवळजवळ नाही असंच धरा. शिकायला ठीक, कुणाचे पैसे किंवा ओळख यात ठेवू नका.

बेसिककार्ड

मधली जात. जर्मनीच्या झाइटकंट्रोल कंपनीचं हे कार्ड बेसिक भाषेत प्रोग्रॅम करतात. कंपाइल केलं की इमेज फाईल मिळते, ती कार्डात जाते, आणि डीबग फाईल वेगळी मिळते, ती पीसीवरच्या डीबगरसाठी. डेटा ठेवायचे दोन मार्ग आहेत, एक म्हणजे व्हेरिएबल ईईप्रॉम म्हणून जाहीर करायचं, मग कार्ड काढलं तरी किंमत टिकते, साधं पब्लिक व्हेरिएबल मात्र रीसेट झालं की गेलं. आणि दुसरा, कार्डावर चक्क डॉससारखी डिरेक्टरी आणि फाईलची व्यवस्था असते, ओपन, गेट, पुट वगैरे नेहमीसारखं. पीसीवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममधूनही परवानगी असेल तर कार्डावरची फाईल तशीच उघडता येते, हे फार सोयीचं आहे.

फक्त कार्डाची स्टेट बघून काम करा. लोड आणि टेस्ट स्टेटमध्ये प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा टाकता येतो, रन स्टेटमध्ये नेलं की सिंगल ॲप्लिकेशनच्या कार्डांवर मागे येता येत नाही. चाचणी संपेपर्यंत रनच्या वाटेला जाऊ नका.

जावा कार्ड, प्रोग्रॅमची फाईल कशी बनते आणि कशी जाते

आता मुख्य काम. जावा कार्ड म्हणजे जावा भाषेत प्रोग्रॅम करता येणारं कार्ड. साध्या जावासारखं लिहायचं पण भाषा कापलेली असते, क्लासिक जावा कार्डात बाइट, शॉर्ट आणि बूलियन एवढंच नक्की मिळतं, इंट मिळेलच असं नाही, लाँग, फ्लोट, कॅरेक्टर नाही, स्ट्रिंग क्लास नाही, थ्रेड नाही. जावा कंपायलर क्लास फाईल देतो, त्या क्लास फाईली कार्डाला समजत नाहीत, कन्व्हर्टर नावाचं टूल त्यातून कॅप फाईल बनवतं.

कॅप फाईल ही आतून झिप असते, एक कॉपी करून उघडून बघाच. आत हेडर, डिरेक्टरी, इम्पोर्ट, ॲप्लेट, क्लास, मेथड, स्टॅटिक फील्ड, कॉन्स्टंट पूल, रेफरन्स लोकेशन असे तुकडे दिसतील, दुसऱ्या पॅकेजला काही देत असाल तर एक्सपोर्टही असेल. हेडरमध्ये सुरवातीच्या तीन बाइटनंतर डीई सीए एफएफ ईडी हे चार बाइट दिसले पाहिजेत, नसतील तर ती कॅप फाईलच नाही. डीबगचा तुकडा कार्डात पाठवायचा नसतो, लोड करणारी टूल्स तो स्वतःच वगळतात, म्हणून कॅप फाईलचा साइझ आणि कार्डात लागणारी जागा यांचा मेळ बसत नाही, घाबरू नका.

कन्व्हर्ट करताना एक्सपोर्ट फाईली (एक्स्प) कोणत्या व्हर्जनच्या वापरल्या ते महत्त्वाचं आहे. कार्ड जावा कार्ड २.२.१ चं आणि तुम्ही ३.०.४ च्या फाईली धरून कन्व्हर्ट केलं तर लोड करतानाच कार्ड नाही म्हणणार. कार्डाच्या माहितीपत्रकात व्हर्जन बघायचं आणि त्याच एसडीकेने बांधायचं. कन्व्हर्ट झाल्यावर व्हेरिफायर चालवायला विसरू नका, कारण बाइटकोडची पूर्ण तपासणी करायची ताकद बहुतेक कार्डांत नसते, ती आपणच बाहेर करून द्यायची असते.

नावांचा गोंधळ इथेच मिटवून घ्या. जावा कार्डात नाव म्हणजे एआयडी, ५ ते १६ बाइट, त्यातले पहिले ५ बाइट नोंदणी केलेल्या संस्थेचे आणि पुढचे जास्तीत जास्त ११ आपले. स्वतःच्या चाचणीसाठी एफ ने सुरू होणारा एआयडी घ्या, तो गट नोंदणी नसलेल्यांसाठीच सोडलाय, दुसऱ्या कुणाच्या नावावर अतिक्रमण नको. पॅकेजचा एक एआयडी, आतल्या ॲप्लेट क्लासचा दुसरा, आणि इन्स्टॉल केलेल्या इन्स्टन्सचा (त्या क्लासपासून कार्डात तयार झालेल्या प्रतीचा) तिसरा (तो क्लाससारखाच ठेवता येतो). एकाच ॲप्लेटचे दोन इन्स्टन्स वेगवेगळ्या एआयडीने बसवता येतात, कोड एकच, डेटा दोघांचा वेगळा. हे लक्षात आलं की प्रोग्रॅम आणि डेटा वेगळे कसे ते आपोआप कळतं: पॅकेज म्हणजे कोड, इन्स्टन्स म्हणजे डेटा.

टाकायची पद्धत ग्लोबलप्लॅटफॉर्म या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेली आहे. पायऱ्या अशा:

१. कार्ड मॅनेजर (इश्युअर सिक्युरिटी डोमेन) सिलेक्ट करायचं, बऱ्याच कार्डांवर त्याचा एआयडी ए० ०० ०० ०१ ५१ ०० ०० ०० असतो.
२. कार्डाच्या गुप्त किल्ल्या वापरून सिक्युअर चॅनल (सुरक्षित संवाद) उघडायचं, इनिशियलाइझ अपडेट आणि मग एक्स्टर्नल ऑथेंटिकेट. या चॅनलच्या एससीपी०२ या पद्धतीत ट्रिपल डेस, एससीपी०३ मध्ये एईएस हे एन्क्रिप्शन.
३. इन्स्टॉल फॉर लोड (ई६), म्हणजे "या नावाचं पॅकेज येतंय" ही सूचना.
४. लोड (ई८), कॅपचे तुकडे ओळीने जोडून छोट्या छोट्या ब्लॉकमध्ये, प्रत्येक ब्लॉकला क्रमांक, शेवटच्याला पी१ मध्ये (कमांडचा तिसरा बाइट, चौथा पी२) ८०.
५. इन्स्टॉल फॉर इन्स्टॉल, इथे इन्स्टन्स तयार होतो आणि तुमची इन्स्टॉल मेथड आयुष्यात एकदाच चालते.

हे हाताने करायची गरज नाही, ग्लोबलप्लॅटफॉर्मप्रो हे टूल एका कमांडमध्ये सगळं करतं, त्यातल्या लिस्टच्या पर्यायाने कार्डावर काय काय आहे तेही दिसतं. पण एक धोका मोठ्याने सांगतो. चाचणीच्या कार्डांवर बहुतेक वेळा ४० ४१ ४२ पासून ४एफ पर्यंतची सगळ्यांना माहीत असलेली किल्ली असते, पण तुमच्या कार्डावर तीच आहे असं गृहीत धरून परत परत ट्राय करू नका. चुकीच्या किल्लीने काही वेळा, बऱ्याच कार्डांवर १० वेळा, प्रयत्न झाला की कार्ड कायमचं बंद होतं आणि ते कुणीही उघडून देऊ शकत नाही. विक्रेत्याकडून किल्ली लेखी घ्या. आणि खऱ्या वापरात जाणाऱ्या कार्डावर ती चाचणीची किल्ली बदलल्याशिवाय कार्ड कुणाच्या हातात देऊ नका, नाहीतर कुणीही येऊन तुमचं ॲप्लेट काढून टाकेल.

डेटाची फाईल

आयएसओ ७८१६ चा चौथा भाग कार्डावरच्या फाईलींची रचना सांगतो. सगळ्यात वर एमएफ (मास्टर फाईल), त्याचा क्रमांक ३एफ००. त्याच्या पोटात डीएफ, म्हणजे फोल्डर. आणि खरा डेटा ईएफ (एलिमेंटरी फाईल) मध्ये. प्रत्येकाला दोन बाइटचा क्रमांक, हवं तर ईएफला १ ते ३० मधला एक छोटा क्रमांकही देता येतो, तो वापरला की वेगळं सिलेक्ट करावं लागत नाही.

ईएफ चार तऱ्हेची. ट्रान्सपरंट म्हणजे सलग बाइट, ऑफसेट सांगून वाचायचं. लिनिअर फिक्स्ड म्हणजे सारख्या लांबीचे रेकॉर्ड, लिनिअर व्हेरिएबल म्हणजे कमीजास्त लांबीचे. आणि सायक्लिक म्हणजे गोल फिरणारी वही, भरली की सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी नोंद बसते आणि सगळ्यात ताजी नोंद नेहमी रेकॉर्ड क्रमांक १. सिम कार्ड हे याचं उत्तम उदाहरण आहे, त्यात २एफई२ ही आयसीसीआयडीची (सिमच्या स्वतःच्या क्रमांकाची) ट्रान्सपरंट फाईल १० बाइटची, आणि एसएमएसची ६एफ३सी ही लिनिअर फिक्स्ड, प्रत्येक रेकॉर्ड १७६ बाइटचा, म्हणून सिममध्ये मेसेज मोजकेच मावतात. आयसीसीआयडी वाचलीत आणि आकडे उलटसुलट दिसले तर प्रत्येक बाइटचे दोन अंक अदलाबदल करा, ती साठवायची पद्धतच तशी आहे.

कोणत्या डेटाला कोणती फाईल? नाव, क्रमांक, मुदत असला क्वचित बदलणारा डेटा ट्रान्सपरंटमध्ये. यादी असेल तर लिनिअर फिक्स्ड, व्हेरिएबलचा मोह टाळा, बऱ्याच कार्डांत ती जातच नसते. व्यवहारांची नोंद सायक्लिकमध्येच.

कार्डाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच फाईलची व्यवस्था असेल तर ६४ बाइटची ट्रान्सपरंट फाईल, क्रमांक ०१०१, अशी बनते:

०० ई० ०० ०० ०डी ६२ ०बी ८२ ०१ ०१ ८३ ०२ ०१ ०१ ८० ०२ ०० ४०

ई० म्हणजे क्रिएट फाईल, ६२ च्या आत तीन गोष्टी, ८२ मध्ये फाईलची जात (०१ ट्रान्सपरंट, ०२ लिनिअर फिक्स्ड, ०६ सायक्लिक), ८३ मध्ये क्रमांक, ८० मध्ये साइझ. प्रत्यक्ष कार्डावर यात परवानगीचे टॅगही लागतात आणि ते प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात, तेवढं त्या कार्डाचं मॅन्युअल उघडून बघावंच लागतं. मग सिलेक्ट ०० ए४ ०० ०० ०२ ०१ ०१, पहिले १६ बाइट वाचायला ०० बी० ०० ०० १०, आणि चौथ्या ऑफसेटवर दोन बाइट लिहायला ०० डी६ ०० ०४ ०२ १२ ३४. लिहायला डी६, म्हणजे अपडेट बायनरी वापरा. डी० ही राइट बायनरी वेगळी आहे, ती कार्डानुसार जुन्या बिटांवर ऑर किंवा अँड करते किंवा एकदाच लिहू देते, आणि मग माणूस तासभर शोधत बसतो की आकडा असा विचित्र का आला. रेकॉर्ड वाचायला बी२, बदलायला डीसी, पी१ मध्ये रेकॉर्ड क्रमांक (१ पासून, शून्यापासून नाही) आणि पी२ मध्ये ०४. ओपनएससीच्या एक्सप्लोरर टूलमध्ये हेच फोल्डर बदलल्यासारखं करता येतं, सुरवातीला समजून घ्यायला मस्त आहे.

पण जावा कार्डात फाईल नसतेच

नव्या जावा कार्डावर लोक ३एफ०० सिलेक्ट करतात, ६ए८२ येतं, आणि कार्ड खराब आहे असं वाटतं. खराब नाही, त्यात मुळात एमएफ नाहीच. जावा कार्डात डेटा म्हणजे तुमच्या ॲप्लेटचे ऑब्जेक्ट आणि ॲरे. फाईल हवी असेल तर ती तुम्हीच बांधायची, एक बाइट ॲरे म्हणजे एक ईएफ, शेजारी तिचा क्रमांक आणि वाचायला काय अट, लिहायला काय अट हे दोन बाइट. प्रोसेस मेथडमध्ये ए४ आलं की क्रमांक शोधून ती फाईल चालू म्हणून ठेवायची, बी० आलं की आधी अट, मग ऑफसेट अधिक लांबी ॲरेच्या बाहेर जात नाही ना हे तपासून मगच द्यायचं. शॉर्टमध्ये बेरीज ओव्हरफ्लो होऊन ऋण होऊ शकते, त्यामुळे ती तपासणी "लांबी घेऊन साइझमधून वजा" अशा बाजूने लिहा.

न्यू केलं की ऑब्जेक्ट कायमच्या मेमरीत जातो, हे साध्या जावाच्या अगदी उलट आहे. कार्डाचं व्हर्च्युअल मशीन कार्ड काढल्यावर संपत नाही, नुसतं थांबतं. कचरा गोळा करणारं असेलच याची खात्री नाही. म्हणून जे काय ॲरे लागणार ते सगळे कन्स्ट्रक्टरमध्येच घ्या, प्रोसेसमध्ये न्यू लिहिलंत तर कार्ड दर कमांडला थोडं थोडं भरत जाईल आणि एक दिवस ६ए८४ किंवा ६एफ०० देऊन बसेल. फाईलचा साइझ कोडमध्ये पक्का लिहिण्याऐवजी इन्स्टॉलच्या पॅरामीटरमधून (सी९ टॅग) घ्या, म्हणजे तोच कॅप लहान मोठ्या दोन्ही कार्डांवर चालतो.

पिन बरोबर आला की नाही, चालू फाईल कोणती, सेशनची किल्ली, असल्या गोष्टी मात्र ट्रान्झियंट (आपोआप पुसल्या जाणाऱ्या) ॲरेत ठेवायच्या, क्लिअर ऑन डीसिलेक्ट किंवा क्लिअर ऑन रीसेट. पिन बरोबर असल्याचा झेंडा साध्या फील्डमध्ये ठेवला तर तो कार्ड काढल्यावरही उभाच राहतो आणि पुढच्याला पिनशिवाय सगळं उघडं. पिनसाठी स्वतःचं डोकं चालवू नका, ओनरपिन क्लास आहे तो वापरा, त्यात उरलेल्या प्रयत्नांचा आकडा तुलना करायच्या आधीच कमी होतो आणि ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी परत वाढत नाही.

मध्येच कार्ड ओढलं तर

ईईप्रॉमचं एक पान लिहायला काही मिलिसेकंद लागतात. ऐकायला थोडं वाटतं, पण बॅलन्स कमी झाला आणि नोंद व्हायच्या आत कार्ड निघालं, तर हिशोब कायमचा तुटला. जावा कार्डात एका फील्डचं लेखन आणि ॲरे कॉपी हे अर्धवट राहत नाही, पण दोन वेगळ्या जागा एकत्र बदलायच्या असतील तर बिगिन ट्रान्झॅक्शन आणि कमिट ट्रान्झॅक्शन यांच्या मध्ये ठेवा, मग वीज कधीही जाऊ दे, पुढच्या वेळी कार्ड एकतर पूर्ण जुन्या स्थितीत असेल नाहीतर पूर्ण नव्या. त्याच्या बफरला मर्यादा असते, म्हणून मोठी फाईल भरताना सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबू नका. नॉनॲटॉमिक (मध्येच तुटू शकणारी) कॉपी झटपट होते, ती फक्त पहिल्यांदा डेटा भरताना वापरा.

मायक्रोकंट्रोलर कार्डावर हे सगळं हाताने करायचं. एकाच नोंदीला दोन जागा ठेवा, प्रत्येकीत अनुक्रमांक आणि चेकसम, नवीन नेहमी जुन्या जागेवर लिहा आणि चेकसम सगळ्यात शेवटी. सुरू होताना दोन्ही बघा, चेकसम बरोबर असलेल्यातला मोठा अनुक्रमांक खरा.

आणि ही मेमरी झिजते. ईईप्रॉमची एक जागा साधारण १ लाख वेळा लिहायची हमी असते, चांगल्या चिपमध्ये त्याहून जास्त. १ लाख खूप वाटतात, पण रीडर दर सेकंदाला स्टेटस विचारतोय आणि प्रत्येक वेळी तुम्ही एकच काउंटर लिहिताय तर २८ तासांत तेवढे होतात. सतत बदलणारी गोष्ट शक्यतो रॅममध्ये ठेवा, टिकवायचीच असेल तर सायक्लिकसारखी पसरून लिहा.

प्रोग्रॅम बदलायचाय, डेटा ठेवायचाय

आता पहिल्या प्रश्नाकडे. जावा कार्डात चालू पॅकेजवर नवीन पॅकेज चढवता येत नाही, आधी जुनं काढावं लागतं. नुसतं पॅकेज काढायला गेलात आणि इन्स्टन्स जिवंत असेल तर कार्ड ६९८५ देतं. मग लोक डिलीटच्या पी२ मध्ये ८० टाकतात, म्हणजे "याच्याशी संबंधित सगळं काढ", आणि इन्स्टन्सबरोबर त्याचे सगळे ॲरे, पिन, किल्ल्या जातात. टूलमधला जबरदस्तीचा पर्याय हेच करतो, तो वापरताना हात आखडता घ्या.

मार्ग तीन आहेत. पहिला, डेटा आधी बाहेर काढायचा, प्रोग्रॅम बदलायचा, परत भरायचा. यासाठी वाचायची आणि भरायची कमांड पहिल्या व्हर्जनपासूनच ॲप्लेटमध्ये हवी, आणि ती सिक्युअर चॅनलच्या आतच चालली पाहिजे. पण कार्डात तयार झालेली खासगी किल्ली बाहेर काढता येऊ नये हाच तर कार्डाचा उद्देश, म्हणून किल्ल्या या मार्गाने टिकत नाहीत, त्या नव्या करून नवं सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

दुसरा मार्ग मला सगळ्यात पटतो, दोन पॅकेज करायची. एक डेटाचं, अगदी छोटं, त्यात फक्त फाईली, परवानग्या आणि पिन, त्यात बदलावं असं काही ठेवायचंच नाही. दुसरं कामाचं, त्यात सगळे नियम. डेटाचं ॲप्लेट शेअरेबल इंटरफेस (दुसऱ्या ॲप्लेटला बोलावता येतील अशा मेथड) देतं, कामाचं ॲप्लेट त्यातून वाचतं आणि लिहितं. आता कामाचं पॅकेज हवं तितक्या वेळा काढा आणि टाका, डेटा हलत नाही, उलट कामाचं पॅकेज असेपर्यंत कार्ड डेटाचं पॅकेज काढूच देत नाही. तीन गोष्टी सांभाळा. एक, फायरवॉलमुळे (ॲप्लेटांमधल्या भिंतीमुळे) एका ॲप्लेटचा ॲरे दुसऱ्याला वापरता येत नाही, बाइट द्यायचे तर एपीडीयू बफरमधूनच द्या. दुसरी, डेटाच्या ॲप्लेटने कामाच्या ॲप्लेटच्या ऑब्जेक्टचा संदर्भ धरून ठेवायचा नाही, नाहीतर ते काढता येणार नाही. तिसरी, इंटरफेस मागणाऱ्याचा एआयडी तपासून मगच द्या.

तिसरा मार्ग म्हणजे ग्लोबलप्लॅटफॉर्मची अमेंडमेंट एच, यात अपग्रेडच्या वेळी ॲप्लेटला आपला डेटा बाजूला ठेवायची आणि नंतर परत घ्यायची संधी मिळते. ती असलेलं कार्ड मिळालं तर घ्याच, पण कार्ड विकत घ्यायच्या आधी लेखी विचारा.

काहीही निवडा, डेटाच्या पहिल्या बाइटमध्ये रचनेचं व्हर्जन लिहून ठेवा. नवा प्रोग्रॅम जुना डेटा वाचायला गेला की त्याला पहिल्या बाइटवरूनच कळलं पाहिजे की समोर काय आहे.

कार्ड काय बोलतंय ते ऐका

कार्डाच्या उत्तरातले शेवटचे दोन बाइट नीट वाचले तर निम्मा त्रास वाचतो. ९००० ठीक. ६१ आणि पुढे आकडा म्हणजे तेवढे बाइट तयार आहेत, सी० ने मागून घ्या. ६सी आणि आकडा म्हणजे लांबी चुकली, तीच कमांड त्या आकड्याने परत पाठवा. ६३सी२ म्हणजे पिन चुकला, दोन प्रयत्न उरले, इथे थांबून विचार करा. ६९८३ म्हणजे पिन बंद झाला. ६९८२ म्हणजे अट पूर्ण नाही, पिन किंवा सिक्युअर चॅनल राहिलं. ६ए८२ फाईल किंवा ॲप्लेट सापडलं नाही, ६ए८३ रेकॉर्ड नाही, ६बी०० बहुधा ऑफसेट फाईलबाहेर गेला, ६डी०० ही कमांड या ॲप्लेटला माहीतच नाही, आणि हे आलं की आधी बघा तुम्ही योग्य ॲप्लेट सिलेक्ट केलंय ना, कारण रीसेटनंतर कार्ड परत त्याच्या डीफॉल्ट ॲप्लेटवर जातं. ६एफ०० म्हणजे तुमच्या कोडमध्ये न पकडलेली एक्सेप्शन, ती कार्डावर शोधत बसू नका, जेकार्डसिम या सिम्युलेटरमध्ये तोच कोड पीसीवर चालवा, तिथे ओळ सापडते.

खऱ्या कार्डाकडे वळायच्या आधी सिम्युलेटरवर तीन चाचण्या नक्की करा, फाईलच्या शेवटच्या बाइटच्या एक पुढे वाचायचा प्रयत्न, पिनशिवाय लिहायचा प्रयत्न, आणि रीसेटनंतर पिन न देता वाचायचा प्रयत्न. तिन्हीला नकार आला पाहिजे. मग एका चाचणीच्या कार्डावर भरलेला डेटा ठेवून कामाचं पॅकेज काढा, नवीन टाका, आणि डेटा बाइट बाइट जुळवून बघा, तो जुळला की मगच बाकीची कार्डं भरायला घ्या.